दोष कंपायलरचा नव्हता

सोमवार, ४ तारीख

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याबद्दल आधीच माफी. कोणी वाचणार नाहीये, पण माफी मागितल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट सुरू करता येत नाही. आणि टाईप फार हळू होतंय. कमांड मी न बघता मारते, पण आपल्या अक्षरांचा कीबोर्ड म्हणजे 'ज्ञ' शोधेपर्यंत काय लिहायचं होतं तेच विसरते.

टोपीताईंनी सांगितलं म्हणून लिहितेय. त्या आमच्या कामाच्या मुख्य. मी त्यांना कधी बघितलं नाही, चॅटमध्ये त्यांच्या फोटोच्या जागी लाल टोपी आहे म्हणून टोपीताई. म्हणाल्या, "तू माझ्याशी पण मोजून मापून बोलतेस. निदान स्वतःशी तरी बोल."

मी नववीत शाळा सोडली. तोंडी परीक्षेला बाईंनी नाव घेतलं. उत्तर येत असून उभी राहून रडले. त्याच वर्षी बाबांचं कामावर जाणं थांबलं आणि घरी कोणीतरी हवं होतं, आई तर मी लहान असतानाच गेली. पण मी सोडली ती लाजून सोडली, बाबांमुळे नाही. असं मी सगळ्यांना सांगते.

आता काम सांगते. आमच्या मागच्या खोलीत एक जुन्या जातीचं यंत्र आहे, म्हणजे कॉम्प्युटर. तसली आता कोणी बनवत नाही, पण कुठेकुठे छापखान्यांत, दवाखान्यांत, लोकांच्या घरी ती अजून चालू आहेत, आणि त्यांना नवे प्रोग्राम लागतात. लोकांनी लिहिलेले प्रोग्राम आपोआप माझ्या यंत्रावर येतात. कंपायलर नावाचा प्रोग्राम माणसाने लिहिलेलं घेतो आणि यंत्राला चालवता येईल असं करून देतो. जमलं तर वेबपानावर हिरवं, नाही जमलं तर लाल. लाल का झालं ते शोधायचं, हे माझं काम. असं दुसरं यंत्र होतं, ते गेल्या वर्षी बंद पडलं. आता फक्त आमच्या घरातलं.

थोडंफार मानधन मिळतं. मला मानधनापेक्षा हे आवडतं की टायपिंगमध्ये कोणी "मोठ्याने बोल" म्हणत नाही.


बुधवार, ६

आज कंपायलरच पडला. म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक नाही, काम करता करता कंपायलर स्वतःच कोसळला. असं मी पहिल्यांदाच बघितलं. मला आनंदच झाला, खोटं का बोलू. कंपायलर बनवणाऱ्या लोकांना तक्रार लिहिली. चार वाक्यं लिहायला अर्धी दुपार गेली. शेवटी "तसदीबद्दल क्षमस्व" पण लिहिलं.

बाहेर आले तर बाबा नाकात नळी लावून बसले होते. त्यांची फुफ्फुसं खराब झालीयेत. आयुष्यभर मोटरींच्या तारा गुंडाळल्या, वाइंडिंग म्हणतात त्याला, पंप, पंखे, पिठाच्या गिरणीच्या. वार्निशचा धूर, जळकी तार, सगळं आत गेलं. आता ऑक्सिजनचं मशीन आहे, विजेवर चालतं, हवा ओढून घरघर करत राहतं. बाबांना त्याचा आवाज आवडत नाही. म्हणतात, "याची बेअरिंग गेलीये, मला उघडू देत नाहीत."

"काय इंजिनियर साहेब, काय झालं?"

"कंपायलर पडला."

"मोटर जळली का?"

"मोटर नसते हो त्यात."

"पंखा आहे ना? मग मोटर आहे."




शुक्रवार, ८

तक्रारीला उत्तर आलं. "आमच्याकडे असं होत नाही. तुमचं यंत्र तपासा." बस. कान इतके तापले की फ्रिजला टेकवून उभी राहिले.

टोपीताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आधी मला विचारायचंस. मग त्यांनी नियम सांगितला. तेच काम पुन्हा चालव. त्याच ओळीवर पडला तर दोष कंपायलरचा. दर वेळी वेगळ्या ओळीवर पडला तर दोष यंत्राचा. हे कंपायलर स्वतःसुद्धा शेवटी लिहितो म्हणे. मी लाल अक्षरं बघून घाबरले आणि खालची ओळ वाचलीच नव्हती.

पुन्हा चालवलं. वेगळ्याच फाईलवर पडला. तिसऱ्यांदा नीट झालं. चौथ्यांदा पुन्हा पडला.

मी मागच्या खोलीत हेडफोन घालून बसते. यंत्राचा पंखा इतका मोठा वाजतो की त्याशिवाय डोकं चालत नाही. आत्या आल्याचं कळलंच नाही, एकदम खांद्यावर हात. मी किंचाळले.

"घुमे, घर लुटून नेलं तरी तुला कळायचं नाही!"

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, शिंप्याकडे मापं घेते. त्यामुळे सगळ्यांकडे माप घेतल्यासारखीच बघते.


रविवार, १०

यंत्र उघडलं. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांची पितळी टोकं खोडरबराने घासली. बाबा मशीन बंद करून माझ्याजवळ येऊन बसले आणि टॉर्च धरला. मजा आली. त्यांनी हुंगून सांगितलं, "जळकं नाही. वाइंडिंग शाबूत आहे." मी म्हटलं वाइंडिंग नसतं. म्हणाले, "तू लहानपणी माझ्या दुकानात तारेच्या रिळांत झोपायचीस, तेव्हा ही अक्कल कुठे होती?"

त्यांच्या नखांना काहीतरी निळसर लागलं होतं. पुसायला फडकं दिलं तर हसले आणि हात खिशात घातला.

यंत्र जोडून चालू केलं. छान चाललं. बाबा आपल्या खोलीत जाऊन पडले आणि थोड्या वेळाने परत लाल. रडूच आलं.


मंगळवार, १२

आज आत्या बाबांना तपासणीला घेऊन गेली होती. दवाखान्यात गर्दी, दिवस गेला. मी घरी एकटी. मेमरीची पूर्ण परीक्षा लावली, एक चूक नाही. मग साठलेली सगळी कामं चालवली. सगळी हिरवी! पान बघत बसले नुसती. खोडरबराचा गुण उशिरा आला म्हणायचा.

संध्याकाळी आत्याने सांगितलं, डॉक्टर ओरडले बाबांना. मशीन लागेल तेव्हा नाही, जास्तीत जास्त वेळ लावायचं. झोपेतसुद्धा. बाबा म्हणाले, "बरं." शहाण्या मुलासारखं.


गुरुवार, १४

काल दिवसभर लाल. आजही. एक काम तर सुरू होताहोताच पडलं. खोडरबर वगैरे काही नाही, माझी अक्कल.

आणि टोपीताईंचा निरोप आला. कुठल्या यंत्रांसाठी प्रोग्राम बनवायचे ती यादी पुढच्या बुधवारी दुपारी बंद होणार. तोपर्यंत नवा कंपायलर आमच्या यंत्रावर बनला नाही तर ही यंत्राची जातच यादीतून काढणार. मग माझं कामही नाही. त्या म्हणाल्या, "मी भांडले गं, पण बाकीच्यांना जुनं सांभाळायचा कंटाळा आलाय." मग विचारलं, "वीज नीट आहे ना? बॅटरी लावलीयेस?"

बॅटरीचा डबा मधे आहे, पण त्यातली बॅटरी केव्हाच मेलीये, वीज नुसती आरपार जाते. मी बाबांना विचारायला गेले. विजेचं त्यांच्याइतकं कोणाला कळणार.

"बाबा, आपली लाईन ठीक आहे ना?"

त्यांनी नळी बाजूला केली. "का?"

"यंत्र पडतंय."

"कधी कधी पडतं?"

"काल अख्खा दिवस. आजही. मंगळवारी एकदासुद्धा नाही."

"मंगळवारी आम्ही दवाखान्यात होतो."

"हो ना. घर रिकामं, यंत्रालासुद्धा जरा शांतता मिळाली."

वाटलं हसतील, पण नाही हसले. उठले आणि भिंतीवरच्या वायरवर हात ठेवून मीटरपासून चालत आले, त्यांच्या खोलीवरून माझ्या खोलीपर्यंत. ती वायर त्यांनीच ओढलीये, मी बाळ होते तेव्हा. घरभर ती एकच. मधे एका जोडापाशी थांबले, बोट लावलं आणि पटकन काढलं. मग स्टुलावर बसून दम खाल्ला.

"लाईन ठीक आहे," म्हणाले.

मी टोपीताईंना कळवलं. वीज ठीक आहे, बाबांनी स्वतः बघितलंय, त्यांना कळतं.

नंतर त्यांनी दार लावून काकांना फोन केला. काका म्हणजे त्यांच्या वाइंडिंगच्या दुकानातले भागीदार, सख्खे नाहीत. काका गावाला गेलेत, या नाही, पुढच्या रविवारी येणार म्हणे. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "गप्पा मारायला. तू तर बोलत नाहीस."


शनिवार, १६

बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. चहा करायला उठले तर ते स्टुलावर चढलेले, हातात पक्कड, तोंड राखेसारखं. खाली उतरवलं तर छाती भात्यासारखी हलत होती.

"काय करत होतात?"

"पंखा... आवाज करत होता."

पंखा दुसऱ्या टोकाला आहे. मी तेवढंच ओरडले आणि पक्कड काढून घेतली.

आत्या डबा घेऊन आली. माझं तोंड बघून तिला वाटलं कामाचंच काहीतरी. "शाळा सोडली, शिवणाचा क्लास सोडला. आता हे कधी सोडतेस तेवढं सांग, म्हणजे मी दुकानात विचारून ठेवते."

बाबा म्हणाले, "हे ती नाही सोडणार."

"कशावरून?"

"मी सांगतोय ना."

आत्या म्हणाली, "तुझ्या लाडानेच ही अशी झालीये." बाबा म्हणाले, "अशी म्हणजे कशी? तुझ्या दुकानात कोणाला कंपायलर येतो का?" आत्या म्हणाली, "आमच्याकडे यायचा असेल तर चपला बाहेर काढून ये म्हणावं." बाबा इतके हसले की खोकला लागला. तो थांबेचना. हसत हसत थांबेचना.


सोमवार, १८

सकाळी मोठं काम लावलं. नवा कंपायलर. तो आधी जुन्याने बनवायचा, मग त्याने स्वतःला बनवायचं, मग परत एकदा. आमच्या म्हाताऱ्या यंत्राला बुधवार सकाळपर्यंत लागेल. मधे पडला तर परत पहिल्यापासून, आणि तेवढा वेळच नाही. म्हणजे एकच डाव आहे.

बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, परत परत विचारलं.

"म्हणजे बुधवार सकाळ."

"हो. पण पडणारच. काल चार वेळा पडलं."

"नाही पडणार."

जेवायला बोलवायला गेले तर मशीन बंद. म्हणाले, "आज बरं वाटतंय गं. त्या नळीने नाक सोलून निघालंय." खरंच तरतरीत दिसत होते. बाहेर न्यायचा ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर खाटेखालून काढून शेजारी ठेवला होता. म्हटलं, हा कशाला? "याला आवाज नाही ना," म्हणाले.

यंत्र अजून चाललंय. दर थोड्या वेळाने जाऊन बघते. आत्या म्हणते दूध उतू जातंय का बघितल्यासारखी बघतेस.


मंगळवार, १९

चाललंय! पहिला टप्पा झाला. दुसरापण अर्ध्यावर. काही बदललं नाही आणि तरी चाललंय. टोपीताई म्हणतात, काही बदललं नाही असं कधीच नसतं, शोध. आत्ता नाही शोधणार, नजर लागेल.

बाबा दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते, गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून. आडवं पडवत नाही त्यांना, बसूनच बरं वाटतं. बोलत नव्हते, हातानेच खुणा. म्हटलं, आता तुम्ही पण माझ्यासारखे झालात. त्यांनी अंगठा दाखवला.

दुपारी सिलिंडरचा काटा बघितला तर रिकामा. म्हटलं, बाबा, मशीन लावते. बटणाकडे हात नेला तर त्यांनी मनगट धरलं. हात बर्फासारखा गार.

"लावतो मी. तुझं होऊ दे... तुझं जेवण होऊ दे."

मी जेवून परत माझ्या खोलीत गेले. हेडफोन घातले.


बुधवार, २०

हिरवं!!!!!

मी धावत बाहेर गेले. मोठ्याने ओरडले असेन, कारण समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी उघडून बघितलं.

बाबा खुर्चीतच होते. रात्रभर तिथेच होते बहुतेक. "झालं?"

"झालं! पूर्ण झालं! चढवलंपण!"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "आता लाव मशीन."

मी नळी लावली, बटण दाबलं. लगेच झोपले. किती गाढ. टोपीताईंनी सगळ्यांसमोर माझं नाव लिहून शाबासकी दिली, दूरदूरच्या लोकांनी टाळ्या पाठवल्या. बाबा उठले की दाखवते. नंतरची दोन छोटी कामं लाल झाली, होऊ देत, मोठं झालं ना.

आत्याला फोन केला. म्हणाली, "बघ! मी म्हटलंच होतं." कधी म्हटलं होतं?


रविवार, २४

बाबा गेले. बुधवारीच, संध्याकाळी, दवाखान्यात. ते गाढ झोपले नव्हते.


सोमवार, २५

काल पुढे काही लिहिता आलं नाही. आज लिहिते.

काका काल आले. ठरल्याप्रमाणे, रविवारी. खांद्यावर जाड वायरचं भेंडोळं, हातात ड्रिल. आत्या दारातच म्हणाली, "आता हे कशाला आणलंस? ज्याने बोलावलं तो नाही." काका म्हणाले, "नाही म्हणूनच आणलं. मी त्याला शब्द दिलाय."

त्यांनी मीटरपासून मागच्या खोलीपर्यंत नवी लाईन ओढली. पूर्ण वेगळी. मी शिडी धरली. जुन्या लाईनचा तो जोड कापून माझ्या हातात दिला. आत तांबं काळं झालं होतं, प्लास्टिक विरघळलेलं.

"हे बघ. इथे सगळं अडत होतं. त्याचं मशीन आणि तुझं यंत्र, दोन्ही एकदम चाललं की व्होल्टेज खाली बसायचं. त्याच्या मशीनला सोसायचं. तुझ्याला नाही."

मी म्हटलं, "बाबांनी लाईन ठीक आहे म्हणून सांगितलं."

काका ड्रिलचं टोक पुसत राहिले. "मला फोनवर म्हणाला होता. रविवारपर्यंत मी सांभाळतो, तू येऊन लाईन टाक, पण मुलीला बोलू नकोस. मी म्हटलं, अरे, तिला सांग की सरळ."

"मग?"

"म्हणाला, सांगितलं तर ती यंत्र बंद करेल."

आत्या स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला.

मी बंद केलं असतं. एका सेकंदात. आणि बरं वाटलं असतं मला, हेही खरं आहे, कारण मग सोडायला कारण मिळालं असतं. बाबांना माहीत होतं ते.


शुक्रवार, २९

चार दिवस एकही लाल नाही. काकांची लाईन पक्की आहे.

ऑक्सिजनचं मशीन आत्याने परत पाठवलं. त्याच्या जागी फरशीवर चौकोन राहिलाय, बाकीच्यापेक्षा पांढरा. मी हेडफोन घालत नाही आता. पंख्याचा आवाज होऊ दे.

टोपीताईंनी खूप मोठा निरोप पाठवला. त्यांना सगळं कळलंय, आत्यानेच माझ्या फोनवरून सांगितलं. त्यांनी लिहिलं, वाटेल तेवढे दिवस घे, यंत्र कुठे जात नाही. मी म्हटलं, काम द्या. मग त्या म्हणाल्या, ती पहिली तक्रार अजून उघडी आहे, कंपायलरवाल्यांकडची. कारण लिहून बंद करावी लागेल. मी लिहू का, असंही विचारलं. मी म्हटलं, मी लिहिते.

सकाळपासून लिहितेय. किती वेळा खोडलं. आधी मोठं लिहिलं होतं, मग वाटलं त्या लोकांना काय त्याचं. शेवटी एवढंच पाठवलं:

"दोष कंपायलरचा नव्हता. वीज कमी पडत होती. त्याच लाईनवर दुसरं एक मशीन चालत होतं. आता चालत नाही."

या वेळी क्षमस्व नाही लिहिलं. ते त्यांना सांगायचं नव्हतंच.

लगेच कोणीतरी उत्तर दिलं, "कारण शोधल्याबद्दल धन्यवाद," आणि तक्रार बंद झाली. नावापुढे हिरवी खूण आली. मी ती खूण बघत बसले. ती तशीच राहिली.

समोरच्या इमारतीत लिफ्ट मधेच अडकलीये, आत पोस्टमन आहे, आणि आत्या खिडकीतून अर्धी बाहेर वाकून सगळ्यांना ओरडून सांगतेय काय करायचं ते.